मॅक्रो रेकॉर्ड करा म्हणता, पण नंतर त्यातलं पुसायचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एक्सेलच्या मॅक्रोवर छोटंसं टिपण आलं होतं. डेव्हलपर टॅबवर जा, रेकॉर्ड मॅक्रो दाबा, नेहमीचं काम एकदा करून दाखवा, स्टॉप दाबा, झालं, पुढच्या वेळेपासून एका बटणावर काम. त्यात खोटं काहीच नाहीये. पण वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांपूर्वी मी अगदी हेच केलं होतं आणि त्यापायी सोसायटीच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, माझी जी शोभा झाली ती लिफ्टमध्ये आठवण करून देणारे लोक अजून आहेत. म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं असेल तर सोसायटीचा भाग कापा, मॅक्रोचा ठेवा.

मी दिवसा एका हार्डवेअरच्या दुकानात अकाउंट्स बघते आणि संध्याकाळी सोसायटीची खजिनदार, म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून झाले. तीन विंग, ६४ फ्लॅट. दर तिमाहीला मेंटेनन्सची बिलं, थकबाकीची यादी, आणि ३० सप्टेंबरच्या आत एजीएम घ्यायची असते तेव्हा ताळेबंद आणि त्याला जोडलेल्या याद्या. हिशोब मला येतो, त्याची भीती नाही. वैताग यायचा तो प्रिंटचा, दर वेळी पान आडवं करा, मार्जिन कमी करा, वर सोसायटीचं नाव टाका, खाली पान नंबर टाका, आणि हे तीन शीटला तीन वेळा. मग कोणीतरी सांगितलं मॅक्रो रेकॉर्ड कर. केला. घरच्या प्रिंटरवर झकास आला, मी मुलाला बोलावून दाखवला सुद्धा.

एजीएमच्या आदल्या रात्री तोच मॅक्रो सोसायटीच्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर चालवला, घाईत होते, गठ्ठा न बघता स्टेपल करून टाकला. सकाळी वाटल्यावर कळलं की थकबाकीच्या यादीतला शेवटचा कॉलम, ‘एकूण देय’, तो एकटाच वेगळ्या पानावर गेलाय. एका पानावर नावं आणि बाकीचे आकडे, दुसऱ्या पानावर नुसती रकमांची माळ, कोणाची कुठली पत्ता नाही. बी विंगचे एक काका उभे राहिले आणि म्हणाले, ताई, माझं नाव या कागदावर आहे आणि देणं त्या कागदावर आहे, म्हणजे कागदोपत्री माझं काही देणं लागतच नाही, हो ना? सगळी सभा हसली. त्यांचे तेव्हा अकरा हजार बाकी होते हे मला तोंडपाठ होतं पण त्या क्षणाला काय बोलणार.

मग त्या रविवारी मी पहिल्यांदा अल्ट आणि एफ ११ दाबून आत काय आहे ते उघडून बघितलं. तोवर मला वाटत होतं की मॅक्रो म्हणजे आपण जे केलं ते. तसं नसतं. मॅक्रो रेकॉर्डर पंचनामा करतो. पोलिसांच्या पंचनाम्यात कसं, चोरी झालेली असते कपाटातली पण कागदावर लिहितात खोलीत एक लाकडी टेबल, एक बंद पंखा, भिंतीवर कालनिर्णय, दोन चपलांचे जोड. रेकॉर्डर तसाच. मी पेज सेटअपची खिडकी उघडून फक्त पान आडवं केलं आणि ओके दाबलं, पण त्याने त्या खिडकीत जेवढं म्हणून काही होतं तेवढं सगळं लिहून ठेवलं: डावं हेडर रिकामं, उजवं हेडर रिकामं, डावं फूटर रिकामं, ग्रिडलाइन नको, कॉमेंट नको, ड्राफ्ट नको, ब्लॅक अँड व्हाइट नको, सम पानाचं हेडर वेगळं नको, पहिल्या पानाचं वेगळं नको… चाळीसच्या वर ओळी. आणि मी ओके तीन वेळा दाबलं होतं, एकदा आडवं करायला, एकदा मार्जिनला, एकदा पान नंबरला, म्हणून तो अख्खा पंचनामा तीन वेळा. वर माझा माऊस खालीवर झाला त्याचीही नोंद, स्क्रोल रो अमुक, स्मॉल स्क्रोल तमुक. हे सगळं एका शीटचं, आणि शीट तीन. मोजलं नाही मी पण स्क्रोल करता करता बोट दुखलं.

बरं, नुसती लांबी असती तर चाललं असतं, कोण बघायला जातंय आत. गोची अशी की त्या न मागितलेल्या ओळी पुढच्या वेळी हुकूम म्हणून चालतात. मी रेकॉर्ड केलं त्या दिवशी माझ्या नव्या लॅपटॉपवर रीजन अमेरिकेचं होतं, त्यामुळे प्रिंटरचा कागद लेटर साइझ धरलेला. मी कागदाला हातही लावला नव्हता पण पंचनाम्यात ‘पेपरसाइझ’ समोर ‘एक्सएलपेपरलेटर’ लिहिलं गेलं. आता लेटर म्हणजे साडेआठ बाय अकरा इंच, उंची २७९ मिलिमीटर, आणि आपला ए४ असतो २१० बाय २९७. अठरा मिलिमीटरचा फरक. हे दिसायला बोटभर पण नाही, पण उभ्या पानावर १८ पॉइंट उंचीची ओळ, वर खाली अर्धा अर्धा इंच सोडला आणि झूम शंभर टक्के ठेवला तर ए४ वर ४२ ओळी बसतात आणि लेटरवर ४०. त्या दोन ओळी गेल्या पुढच्या पानावर की त्यांच्यासाठी अख्खा कागद, आणि बहुतेक वेळा त्या दोन ओळी म्हणजे बेरीज आणि सही.

याच लेटरवरून एक किस्सा सांगायचाच आहे. त्यानंतरच्या तिमाहीला मी गावाला होते म्हणून सेक्रेटरी साहेबांनी स्वतः मॅक्रो चालवला. ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये ए४ कागद भरलेला, मॅक्रो मागतोय लेटर, त्यामुळे प्रिंटरच्या पट्टीवर ‘लोड लेटर’ असं लुकलुकायला लागलं. साहेबांना वाटलं लेटरहेड मागतोय. कपाटातून सोसायटीची छापील लेटरहेडं काढली, ट्रेमध्ये भरली, आणि बटण दाबल्यावर प्रिंटर बापडा चालू झाला, कारण एकदा कंटिन्यू दाबलं की तो आहे त्या कागदावर छापतो. १७ बिलं लेटरहेडवर निघाली, रजिस्ट्रेशन नंबरावर मेंटेनन्सचा आकडा. साहेब मला फोनवर म्हणतात मॅडम, तुमचा मॅक्रो फार फॉर्मल आहे हो.

त्याच पंचनाम्यातली दुसरी ओळ ‘प्रिंटक्वालिटी’ ६००. माझ्या घरच्या प्रिंटरला ६०० डीपीआय, म्हणजे इंचात ६०० ठिपके, समजतं म्हणून ते नोंदलं. दुकानात आमच्याकडे चलनं काढायला अजून डॉट मॅट्रिक्स आहे (हसू नका, तीन कॉपी एका दणक्यात काढणारा दुसरा प्रिंटर आणून दाखवा), त्याला ६०० म्हणजे काय ठाऊकच नाही, तिथे मॅक्रो चालवला की १००४ नंबरची एरर आणि पिवळी पट्टी. मी अर्धा दिवस प्रिंटरची केबल काढघाल करत होते. काय करायचं होतं? ती एक ओळ पुसायची होती. बास. क्वालिटी मी कधी बदलणारच नव्हते तर ती ओळ तिथे हवी कशाला. तसंच प्रिंटर निवडताना रेकॉर्डिंग चालू असेल तर प्रिंटरचं अख्खं नाव शेपटासकट, म्हणजे ‘ऑन एनई०१’ वगैरे, लिहिलं जातं आणि ते शेपूट प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं असतं, कुठे ०१ कुठे ०३. ते पुसून टाकलं की ज्या कॉम्प्युटरवर जो डिफॉल्ट प्रिंटर असेल त्यावर जातं.

एजीएमला जो घोळ झाला तो मात्र झूमचा होता. मी रेकॉर्ड करताना बारा कॉलम होते, एका पानात मावत नव्हते, म्हणून मी हाताने कमी करत करत ७८ टक्क्यांवर आणलं तेव्हा मावले. मॅक्रोने ७८ पाठ केलं. नंतर पाणीपट्टीच्या फरकाचा एक कॉलम वाढला, तेरा झाले, मॅक्रो आपला ७८ वरच, मग तेरावा गेला बाहेर. खरं तर मला ७८ नकोच होतं, मला हवं होतं ‘रुंदीला एका पानात बसव’. त्याची सोय आहे, झूम ‘फॉल्स’ करायचा, म्हणजे बंद ठेवायचा, मग ‘फिटटुपेजेसवाइड’ एक. पण थांबा, त्याच्या खालीच ‘फिटटुपेजेसटॉल’ असतं, उंचीला किती पानं, त्यात रेकॉर्डर तुम्ही तो रकाना रिकामा केला नाहीत तर एकच लिहितो, आणि मग ६४ फ्लॅट, हेडिंगं, बेरजा सगळं एका पानात कोंबून मुंग्यांसारखी अक्षरं येतात. हेही करून झालंय माझं, सिनियर सिटिझन लोकांनी यादी परत पाठवली होती. उंचीला ‘फॉल्स’ लिहायचं, म्हणजे रुंदी एक पान, लांबी लागेल तेवढी. ही एक जोडी समजली ना, रुंदीला एक आणि उंचीला फॉल्स, की प्रिंटची निम्मी भांडणं मिटतात असं माझं मत झालंय. आणि झूम फॉल्स करायला विसरलात तर या दोन्ही ओळींकडे एक्सेल ढुंकून बघत नाही, हेही लक्षात ठेवा.

आता आपल्या लोकांची खास अडचण, जी इंग्रजी मदतपानांवर मला कुठे सापडली नाही आणि तुमच्या टिपणातही नव्हती. आपण शीटची नावं मराठीत देतो. माझी होती ‘बिलं’, ‘थकबाकी’, ‘निधी’. शीटच्या पट्टीवर छान दिसतात. पण मॅक्रो जिथे लिहिला जातो त्या खिडकीला देवनागरी येत नाही, तिथे आपल्या प्रत्येक अक्षराच्या आणि काना-वेलांटीच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. म्हणजे मी ‘थकबाकी’वर क्लिक केलं ते नोंदलं गेलं सहा प्रश्नचिन्हं म्हणून. चालवलं की ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’, एरर नंबर ९, कारण त्या वहीत प्रश्नचिन्ह नावाचं शीट कुठून असणार. मी मराठी नावं काढून इंग्रजी नावं दिली होती आणि मनात म्हटलं बघा, मराठीला इथेही जागा नाही. नंतर कळलं की नावं बदलायची गरजच नव्हती. त्या खिडकीत डावीकडे शीटची यादी असते, तिथे प्रत्येक शीटला आणखी एक आतलं नाव असतं, शीट१, शीट२ असं, एफ ४ दाबलं की ते बदलताही येतं. मॅक्रोत ते आतलं नाव वापरायचं, बाहेरच्या पट्टीवर ‘थकबाकी’च राहू द्या, उद्या कोणी त्याचं ‘थकीत रकमा’ केलं तरी मॅक्रो बिघडत नाही. घरात बाळ्या म्हणतात आणि शाळेत वेगळं नाव, तसं.

हेडरचंही तेच. सोसायटीचं नाव मराठीत हेडरमध्ये टाकताना रेकॉर्ड केलं तर मॅक्रोत प्रश्नचिन्हं, आणि पुढच्या वेळी मॅक्रो ती प्रश्नचिन्हं इमानदारीने छापतो. म्हणून नाव एका सेलमध्ये लिहून ठेवायचं, माझं पहिल्या शीटच्या ए१ मध्ये आहे, आणि मॅक्रोला सांगायचं की सेंटर हेडरमध्ये त्या सेलमधलं जे आहे ते घाल. मराठी नीट उमटतं. एकच जपायचं, नावात ‘अँड’चं चिन्ह असेल तर ते गायब होतं, कारण हेडरमध्ये ते चिन्ह पान नंबर, तारीख वगैरे खुणांसाठी राखलेलं आहे, त्यामुळे ते दोनदा लिहावं लागतं. ‘ए अँड बी विंग’ हे हेडर माझ्याकडे सहा महिने ‘ए बी विंग’ छापलं जात होतं, कोणाच्या लक्षातही आलं नाही, सी विंगवाल्यांच्या सुद्धा नाही!

प्रिंट एरियाबद्दल, म्हणजे शीटचा छापायचा भाग, थोडक्यात. रेकॉर्ड करताना सिलेक्ट केलं तेवढंच त्याच्या डोक्यात बसतं, ए१ ते एल६६ तर कायम एल६६. एकाने दोन फ्लॅट जोडलेले परत वेगळे केले आणि आमची यादी एका ओळीने वाढली तेव्हा छापायची राहिली ती नेमकी बेरजेची ओळ. त्यावर उपाय असा की मॅक्रोला शेवटची ओळ स्वतः शोधायला लावायचं. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात, तिथून तळातून वर यायचं आणि पहिला भरलेला सेल लागला की थांबायचं, ‘एंड’ ‘एक्सएलअप’ असं काहीसं लिहितात ते, एका ओळीचं काम आहे. त्याहून सोपं म्हणजे शीटवर इकडेतिकडे कच्चा हिशोब न करता तो वेगळ्या शीटवर करायचा आणि प्रिंट एरिया ठरवायचाच नाही. मला ही सवय लागायला वेळ लागला, पी कॉलममध्ये कोणाचा चेक बाउन्स झाला ते लिहायची खोड होती, आणि ते एकदा छापून नोटीस बोर्डावर लागलं… जाऊ दे तो विषय.

तर एवढं सगळं पुसल्यावर राहिलं काय? माझ्याकडे आता पेज सेटअपच्या आत मोजून आठ ओळी आहेत. कागद ए४. पान आडवं. झूम फॉल्स. रुंदीला एक, उंचीला फॉल्स. वरच्या तीन ओळी प्रत्येक पानावर परत छापायच्या, म्हणजे दुसऱ्या पानावर पण फ्लॅट नंबर, नाव, रक्कम ही हेडिंगं येतात. हेडर ए१ मधून. फूटरला पान १ / २ असं. डाव्या उजव्या मार्जिनच्या दोन ओळी होत्या त्याही मी काढल्या, कारण फाइलमध्ये एकदा नीट लावल्या की त्या तशाच राहतात, मॅक्रोने रोज उठून सांगायची गरज नाही. जिथे रेकॉर्डरने ‘सिलेक्ट’ आणि पुढच्या ओळीला ‘सिलेक्शन’ लिहिलेलं असतं तिथे दोन्ही शब्द उडवून ओळी जोडून टाकायच्या, अमुक रेंज निवड आणि मग निवडलेल्याला बोल्ड कर याऐवजी सरळ अमुक रेंज बोल्ड कर. आणि ‘ॲक्टिव्हशीट’ शब्द दिसेल तिथे शीटचं आतलं नाव टाकायचं, नाहीतर तुम्ही त्या वेळी चुकून ज्या शीटवर उभे असाल ते छापलं जातं. माझ्या आठ ओळी तीन शीटला तीनदा लिहिलेल्या नाहीत, एकदाच लिहिल्यात आणि ‘फॉर ईच’, म्हणजे ‘प्रत्येकासाठी हेच’, असं करून तिन्ही शीटवरून फिरवल्यात. पुढे समजा ठरलं की पान उभं हवं, तर एका ठिकाणी बदलायचं.

एक फायदा मी धरलाच नव्हता, वेग. आधी बटण दाबलं की चहा ठेवायला जायचे, कारण पेज सेटअपची प्रत्येक ओळ प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, जाऊन विचारून येते, त्यात ऑफिसचा प्रिंटर नेटवर्कवर आणि बंद असला की बघायलाच नको. एक्सेल २०१० पासून ‘प्रिंटकम्युनिकेशन’ म्हणून ओळ आली, ती फॉल्स केली की सगळे निरोप एकदम पाठवले जातात, नवीन एक्सेलमध्ये रेकॉर्डर स्वतःच ती लिहितो. पण तोच मॅक्रो कोणाच्या जुन्या २००७ वर नेला तर तिथे अडकतो, ओळखच नाही त्याला. आठच ओळी असल्या तर ती नसली तरी चालतं.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर कबूल करते, की निम्म्या वेळेला मॅक्रोची गरजच नसते. पेज सेटअप फाइलबरोबर सेव्ह होतं. नवीन तिमाहीचं शीट कोरं न घेता जुन्या शीटवर राइट क्लिक, मूव्ह ऑर कॉपी, क्रिएट अ कॉपीवर टिक, की सगळी मार्जिनं आणि हेडरं बरोबर येतात. तीन शीटना एकदम सेटअप लावायचं तर कंट्रोल धरून तिन्ही पट्ट्या निवडायच्या आणि एकदाच पेज सेटअप करायचं. फक्त नंतर ग्रुप सोडायचा, हात जोडून सांगते, सोडायचा. वरच्या पट्टीत फाइलच्या नावापुढे ‘ग्रुप’ दिसतंय का बघा. मी एकदा तसाच ठेवून ए विंगच्या एका फ्लॅटची जमा टाइप केली, ती बी आणि सी विंगच्या शीटमध्येही त्याच ओळीत जाऊन बसली आणि दोन सदस्य काही न भरता क्लिअर झाले. त्यांच्यातला एक मला अजून धन्यवाद देतो. मॅक्रो चालवल्यावरही कंट्रोल झेड करून मागे येता येत नाही, तो सगळा मागचा इतिहास पुसतो, म्हणून आधी सेव्ह करावं आणि पहिल्यांदा चालवताना ‘प्रिंटआउट’च्या जागी ‘प्रिंटप्रिव्ह्यू’ लिहावं. माझा पहिल्या महिन्यात एक रीम कागद गेला तो नसता गेला. ज्यांच्याकडे एक्सेलऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस आहे त्यांनी तर रेकॉर्डरच्या नादी लागूच नये, तिथे तो मुळात बंद असतो, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन चालू करावा लागतो, आणि तिथे पेज स्टाइल म्हणून जी सोय आहे ती एकदा बनवली की प्रत्येक शीटला लावता येते, आमच्या एक्सेलपेक्षा ती मला जास्त शहाणी वाटते.

अजून दोन अडचणी लोकांना हमखास येतात म्हणून लिहिते. फाइल साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केली की मॅक्रो जातो, एक्सेल विचारतं पण आपण यस दाबून मोकळे होतो, मॅक्रोसाठीचं एक्सएलएसएम निवडावं लागतं. आणि ती फाइल मेलवरून कोणाला पाठवली की २०२२ पासून वर लाल पट्टी येते, मॅक्रो ब्लॉक केलाय म्हणून, कारण नेटवरून आलेल्या मॅक्रोतून व्हायरस यायचे. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल तर बंद करून राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. अनोळखी असेल तर करू नका, मग कितीही सोयीचा मॅक्रो असो. झेरॉक्सच्या दुकानात छापायचं असेल तर एक्सेलची फाइल नेऊच नका, त्याचा प्रिंटर वेगळा म्हणजे पानं वेगळी तुटणार, एक्सेल पानांची मोजणी समोरच्या प्रिंटरला विचारून करतं. घरीच पीडीएफ करा, माझ्या मॅक्रोच्या शेवटी प्रिंटऐवजी आता पीडीएफचीच ओळ आहे, आणि दुकानदाराला सांगा दादा ॲक्च्युअल साइझ ठेवा, फिट नको. तो ‘मॅडम तसंच येणार’ म्हणेल. तरी सांगा.

माझी तक्रार टिपण लिहिणाऱ्यांवर नाही, जागा कमी असते. मी ज्या क्लासला गेले होते तिथेही रेकॉर्ड करण्यापर्यंतच शिकवलं, सरांनी मॅक्रोची खिडकी उघडून दाखवली आणि ‘हे आपल्या कामाचं नाही’ म्हणून मिटवली. तिथेच चुकलं असं मला आता वाटतं. लिहायला येणं वेगळं आणि दुसऱ्याने लिहिलेल्यातलं नको ते खोडायला येणं वेगळं, दुसरं खूप सोपं आहे, त्याला प्रोग्रॅमर व्हावं लागत नाही, ओळ वाचायची, स्वतःला विचारायचं हे मी केलं होतं का, नसेल तर पुसायची, चालवून बघायचं, बिघडलं तर परत टाकायची. पतसंस्थेतली, शाळेच्या ऑफिसातली, सोसायट्यांमधली किती माणसं रोज हे रेकॉर्ड केलेले मॅक्रो चालवत असतील, आणि नवीन प्रिंटर आला की बंद पडला म्हणून सोडून देत असतील. तर विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या रविवारी त्याच जागेत ‘मॅक्रोतून काय पुसावं’ यावर लिहून आणावं, आणि शक्य झालं तर शीटच्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं त्यात नक्की घ्यावीत.

आपली नम्र,
एका सोसायटीची खजिनदार, बदलापूर

ता. क. नाव छापू नये, मला याच कमिटीत राहायचंय. आणि बी विंगच्या त्या काकांनी अकरा हजारांपैकी सहा भरलेत. उरलेले पाच आता त्यांच्या नावाच्याच कागदावर, त्यांच्याच ओळीत दिसतात, त्यामुळे लिफ्टमध्ये भेटले की ते हल्ली मोबाइल बघतात.